नाव बदललं की देणं थांबतं

माझ्या घरात आठ वर्षं, लाइट जायची तेवढा वेळ सोडून, एक यंत्र अहोरात्र चालू होतं आणि त्या आठ वर्षांत मी दोन दिवसांच्या वर कधी गावाला गेलो नाही. साळ्याचं लग्न नागपूरला होतं, तेव्हाही अक्षता टाकल्या, जेवलो आणि पाचच्या गाडीने वर्ध्याला परत. माझी बायको शोभा म्हणायची की घरात दुभती म्हैस असती तर शेजाऱ्यांनी दोन दिवस सांभाळली असती, या डब्याला कोण सांभाळणार. तिचं खरंच होतं. मी जेवता जेवता उठायचो, आतल्या खोलीत जाऊन डिस्कवर हात ठेवून पाहायचो, कान लावायचो आणि परत येऊन गार झालेली पोळी खायचो. जीवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

डबा म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा, झाकण काढलेला. आत पाच हार्ड डिस्क आणि समोर एक टेबलफॅन. वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला टेबलफॅन कशाला ते सांगायला नको. आणि डिस्कमध्ये होती लग्नं. पवनारची, सेलूची, देवळीची, पुलगावची, आंजीची, चारशेच्या वर लग्नं.

मी शूटिंगवाला. दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी लोक शूटिंगवालेच म्हणायचे. नव्वदच्या दशकात खांद्यावर मोठा कॅमेरा, मागे दिवा धरणारा माणूस आणि त्या दिव्याच्या उजेडात डोळे मिचकावणारे वऱ्हाडी, असा सगळा थाट. लग्नाची कॅसेट घरी दिली की काम संपलं असं मला वाटायचं. पण काम खरं तिथून सुरू व्हायचं. पाच-सात पावसाळ्यांत कॅसेटला पांढरी बुरशी धरायची आणि गिऱ्हाईक परत यायचं. नुसती आठवण म्हणून येणारे कमीच. पुलगावचे एक गृहस्थ दर उन्हाळ्यात यायचे, कारण त्यांच्या लग्नात मामाने आहेरात पितळेचा मोठा गुंड दिला होता की नुसती घागर, यावर त्यांचा आणि मेहुण्याचा अकरा वर्षं वाद चालू होता. पाहायला दोघंही यायचे, शेजारी शेजारी बसायचे. कॅसेटमध्ये नेमकं त्याच जागी माझ्या दिवेवाल्याचं डोकं आडवं आलं होतं. शेवटी दोघांनी मिळून मलाच शिव्या दिल्या आणि एकाच स्कूटरवरून स्टेशनकडे गेले.

या लोकांच्या धाकाने मी दोन हजार एक-दोनच्या सुमारास सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. पुढे गल्लीत आमच्या घरापासून गच्च्यांवरून केबल टाकली आणि वीसेक घरं जोडली. मंडळी आपापल्या घरी बसून माझ्या डिस्कवरचं लग्न पाहायची. आज याला लोक मोठी मोठी नावं देतात. तेव्हा बायका म्हणायच्या, ‘शूटिंगवाल्या भाऊचं लावा’. दुपारी धुणंभांडी झाली की कोणाचंही लग्न चालायचं, ओळखीचंच पाहिजे असं काही नव्हतं.

दुसरं काम बाहेरगावचं. पोरं पुण्याला, बंगलोरला, आखाती देशात गेलेली. त्यांना लग्नाची फिल्म हवी आणि आमच्याकडून साधी ईमेलने दोन फोटो जाताना मारामार. त्यावर टोरंट हा उपाय सापडला. या शब्दाला पुढे चोरीचा वास लागला, पण मी आपल्याच काढलेल्या फिल्मा पाठवत होतो. टोरंट म्हणजे विरजणासारखं काम. मी एका घरी वाटीभर दिलं, त्यांनी दही लावलं, त्यातलं शेजारणीला दिलं. सगळ्यांनी माझ्याच दारात वाटी घेऊन यायची गरज नाही. मी फिल्मचे तुकडे तुकडे पाठवायचो, पुण्याच्या भावाला मिळालेला तुकडा त्याच्या कॉम्प्युटरवरून दुबईच्या भावाला जायचा. अट एकच: मिळालं की लगेच बंद करायचं नाही, दुसऱ्यालाही घेऊ द्यायचं. या देत राहण्याला सीडिंग म्हणतात. प्रत्येक ईमेलखाली मी हात जोडून लिहायचो, ‘घेतले तसे द्यावे, ही विनंती.’

आता यातली गोम. देणाऱ्या फाइलचं नाव आणि जागा बदलायची नसते. एक अक्षर बदललं की घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या नोंदी जुळत नाहीत आणि देणं थांबतं. इकडे गल्लीतल्या बायकांना मात्र यादीत नावं सरळ हवीत: कोणाची मुलगी, कोणतं गाव. मग एकच फिल्म दोनदा ठेवायची का? डिस्क महाग. त्यावर कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते. फाइल एकच, पण तिला दोन नावं देता येतात, दोन वेगवेगळ्या कप्प्यांत. आपल्याकडे मुलगी माहेरी कुसुम असते आणि सासरी सुमन होते, बाई एकच, तसं. एक नाव पुसलं तरी फाइल दुसऱ्या नावाने जिवंत राहते. दोन्ही पुसली तरच जाते.

ही युक्ती जमली तेव्हा मी शोभाला मुद्दाम बोलावून दाखवलं. ‘पाहणं’ नावाच्या कप्प्यात मुलींची माहेरची नावं, कारण शूटिंगचं बोलावणं बहुतेक मुलीच्या बापाचं. ‘देणं’ नावाच्या कप्प्यात सासरची नावं, कारण फिल्म मागवणारे बहुतेक मुलाकडचे. मी एवढा खूश होतो की आठवडाभर कोणी दुकानात आलं की त्याला हेच समजावून सांगायचो. याच युक्तीने पुढे माझी झोप उडवली.

पवनारचे शामरावजी एका सकाळी दुकानात आले. धामच्या काठाला त्यांची वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या वंदनाचं लग्न मीच काढलं होतं, पवनारच्या मंडपापासून पुण्याच्या घरी ताटातल्या तांदळावर नवरदेवाने अंगठीने ‘रेवती’ लिहिलं तिथपर्यंत. ते लग्न मोडलं. कोर्टातून मोकळी झाली आणि मुलगी घरी आली, आता वर्ध्याला कुठंशी शिकवायला जाते, असं ते म्हणाले. त्यांनी वांग्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

आता तिची दुसरी सोयरीक जुळली होती. आंजीचा मुलगा, अनिल, बी-खतांचं दुकान, घरचं बरं. पहिलं लग्न मुलाला आणि त्याच्या आईबापाला ठाऊक होतं, पण आईने सांगून टाकलं होतं की नातेवाइकांत बोभाटा नको. मामा-मावश्यांना कळलं असतं तर मंडपातलं लग्न कशाला, संध्याकाळी घरातल्या घरात पाट लावून घ्या म्हणाले असते, आणि तेवढ्यावरही थांबले नसते. त्यात अनिलची सख्खी मावशी, पुष्पाताई, आमच्याच गल्लीत राहायची. माझी केबल तिच्या घरात होती.

“भाऊ, ते पुसून टाका,” शामरावजी म्हणाले. “पोरीच्या जल्माचा सवाल हाये. अन् या लग्नाचं शूटिंग बी तुमीच कराचं. दुसरा आला तर दहा गोष्टी इचारन.”

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. त्यांच्यासमोर यादी उघडली, ‘वंदना, पवनार’ हे नाव शोधलं आणि पुसलं. यादीतून नाव गेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला. पैशांचं विचारलं तर मी हात जोडले. लग्नाला तीन आठवडे होते.

चार दिवसांनी दूध घेऊन येताना पुष्पाताई भेटल्या. काल दुपारी रेवतीचं लग्न पाहत होते, म्हणाल्या, मंडप ओळखीचा दिसला, पवनारचाच आहे ना जी?

वांग्यांची पिशवी घेऊन आलेल्या बापासमोर मी वंदना पुसली होती. रेवती तशीच होती, ‘देणं’च्या कप्प्यात, आणि तो कप्पा गल्लीतल्या कोणालाही उघडता येत होता. जी गोष्ट मी गावाला समजावत फिरलो तीच मी विसरलो होतो. कारण सरळ आहे. माझ्या लेखी ती शामरावजींची वंदना होती, मी तिला रेवती म्हणून कधी हाक मारली नव्हती.

मी विचारलं, किती पाहिलं? त्या म्हणाल्या, पंधरा मिनिटं पाहिलं आणि लाइट गेली.

इथे मी माझ्या कलेचे आभार मानले पाहिजेत. माझ्या फिल्मची सुरुवात लांबलचक असायची. आधी गणपती, मग फिरणारे गुलाब, मग बदामाच्या आकारात नवरदेवाचे फोटो, मग मंडपाचा खांब न् खांब. नवरी सतराव्या मिनिटाला यायची. त्या गुलाबांवरून शोभाने मला फार छळलं होतं. भारनियमन आणि गुलाब, या दोघांनी मिळून त्या दिवशी वंदनाची सोयरीक वाचवली.

घरी जाऊन मी दुसरंही नाव पुसलं. देणं बंद केलं. मग खात्री म्हणून टोरंटच्या पानावर ही फिल्म किती जण देत आहेत तो आकडा पाहिला. मी थांबल्यावर तो शून्य व्हायला हवा होता. तो एक होता.

तो एकचा आकडा मी पुढे कितीदा पाहिला ते मलाच माहीत नाही. कोणीतरी, कुठेतरी, ही फिल्म उघडी ठेवून बसलं होतं आणि ज्याच्याकडे माझ्या ईमेलसोबत गेलेली टोरंटची चिठ्ठी असेल त्याला ती मिळू शकत होती. मी जुन्या ईमेल काढल्या. फिल्म मागवणाऱ्या प्रत्येकाला फोन केला. पहिल्या नवरदेवाचा पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, ते लग्न मोडलं त्याच दिवशी पुसलं. दुबईवाल्याला तर कोणतं लग्न तेच आठवेना. या धावपळीत दोन गिऱ्हाइकांची कामं राहिली. शामरावजींचा एक दिवसाआड फोन यायचा, सगळं ठीक ना भाऊ, आणि मी ठीक म्हणायचो. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस फोनवर फार मोठ्याने बोलतो. शोभाने तिसऱ्याच दिवशी ओळखलं.

शेवटी देणारा शोधायचा तर आपण घेणारा झालं पाहिजे, हे सुचलं. मी माझीच फिल्म मागितली. समोरून तुकडे येऊ लागले आणि देणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता दिसला. आकड्यांची सुरुवात माझ्याच पत्त्यासारखी होती. दुबई नाही, पुणे नाही. माणूस आमच्याच भागातला होता. हे कळल्यावर मी आणखीच अस्वस्थ झालो. लांबचा असता तर बरा, असं वाटलं.

मग मी वहीत वेळा लिहू लागलो. सकाळी दहाला चालू. संध्याकाळी सहाला बंद. रविवारी पत्ताच नाही. म्हणजे घर नव्हे. सरकारी ऑफिसही नव्हे, तिथे दहाला कोण येतं. आणखी एक गोष्ट दिसली. रोज मध्येच तीनेक तास तो गायब व्हायचा आणि नवा आठवडा लागला तशी त्याची वेळ बदलली. ते मी शोभाला सांगत होतो तेव्हा ती पेपरवर भाजी निवडत होती. तिने भाजी बाजूला सारून पेपर माझ्यापुढे केला. भारनियमनाचं वेळापत्रक. कोणत्या भागाची लाइट केव्हा जाणार ते त्यात छापून यायचं. आमच्या भागाची वेळ वेगळी होती. माझ्या वहीतल्या वेळा जुळल्या त्या आर्वी नाक्याकडच्या भागाशी.

त्या भागात दहा ते सहा, रविवारी सुट्टी आणि इंटरनेट, अशा तीन जागा होत्या आणि तिन्ही कॉम्प्युटरचे क्लास. पहिल्या क्लासच्या मालकाने मला नवीन विद्यार्थी समजून फॉर्म दिला. दुसऱ्या क्लासच्या जिन्यावर मी पोहोचलो तेव्हा दार उघडंच होतं. फळ्याजवळच्या टेबलामागे वंदना बसली होती.

कुठंशी शिकवायला जाते, असं बाप म्हणाला होता. माझ्या कानावरून गेलं होतं.

तिने मला पाहिलं आणि कशासाठी आलो ते विचारलंही नाही. खुर्ची दिली. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाली, “त्यात आहे काका. पुण्याहून येताना एक बॅग अन् ही डिस्क आणलीवती.”

मी सगळं सांगितलं. तिचे वडील आले ते, पुष्पाताईंचं, पंधरा मिनिटांचं. सोयरीक मोडेल, म्हणालो. बंद कर, पुसून टाक, तुझ्या भल्यासाठीच सांगतो. हे सांगताना माझा आवाज शामरावजींसारखा झाला होता, ते मला जाणवलं.

ती शांत होती. अनिलने ही फिल्म पाहिली आहे, म्हणाली. पहिल्या भेटीतच तिने त्याला विचारलं होतं, पाहायची असेल तर दाखवते. त्याने पूर्ण पाहिली, फक्त गुलाब पुढे ढकलले.

“मग ठेवतेस कशाला?” मी विचारलं. “लग्न तर मोडलं.”

“लग्न मोडलं. तो दिवस थोडीच खोटा होता,” वंदना म्हणाली. “त्या दिवशी मी खुश होती काका. पाहा तुम्ही, तुमीच तर काढलं. बाबा म्हणतात पुसा, आमचे मामा म्हणतात पुसा, तुमी जिना चढून आले पुसाले. मले कोणी इचारलं काय?”

फोन मी पुण्याला केला, दुबईला केला. पवनारला, तिला, केला नाही.

मी एवढंच म्हणालो की बरं, ठेव, पण देत काऊन राहिलीस, आता घेणारं कोण आहे.

“कोणी नाई, मले माहीत आहे,” ती म्हणाली. “तुमीच लिहून पाठवलंवतं, घेतलं तसं द्यावं. अन् तिथं एक दिसते ना काका. आहे म्हणून दिसते.”

मी जिना उतरलो. शामरावजींना काय सांगायचं ते ठरत नव्हतं, म्हणून काहीच सांगितलं नाही. लग्नापर्यंतचे नऊ दिवस मी रोज तो आकडा पाहिला आणि रोज तो एक होता. पुष्पाताई रस्त्यात दिसल्या की मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालायचो.

लग्न झालं. मंडपात झालं, दिवसाउजेडी झालं. काही मोडलं नाही. मी कॅमेऱ्याआडून पुष्पाताईंच्या चेहऱ्यावरच लक्ष ठेवून होतो, त्यामुळे त्या फिल्ममध्ये पुष्पाताई जरा जास्तच दिसतात. पुढे त्यांनी मला विचारलंही, काऊन जी भाऊ, मलेच घेऊन राह्यले.

आंजीच्या घरी ताट आलं. तांदूळ पसरले. पुष्पाताईंनी नावं काढून ठेवली होती, तीन-चार, एकाहून एक नवीन. अनिलने अंगठी हातात घेतली. मी कॅमेरा ताटावर आणला. तीन वर्षांपूर्वी असंच ताट मी घेतलं होतं आणि ते नाव जसंच्या तसं माझ्या डिस्कवर टाकलं होतं. अनिलने सावकाश लिहिलं: वंदना.

“अरे, नवीन नाव लिव,” त्याची आई म्हणाली.

“हेच हाये,” अनिल म्हणाला.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मावशीबाईंचा चेहरा पडला. वंदना खाली ताटाकडे पाहत होती आणि हसत होती, आणि ते हसू मी आधी एकदा कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. मी ताटावर इतका वेळ थांबलो की कोणीतरी म्हणालं, भाऊ, झोपले काय?

महिनाभराने ती डीव्हीडी न्यायला दुकानात आली. डीव्हीडी तयार होती, वर नाव टाकायचं राहिलं होतं. चारशेवर लग्नांना मी नावं दिली होती, कधी बापाच्या सांगण्यावरून, कधी मुलाकडच्यांच्या, कधी माझ्याच सोयीने. पहिल्यांदा मी नवरीला विचारलं, काय लिहू?

तिने विचार केला. “वंदनाचं लग्न,” म्हणाली.

तेवढंच लिहिलं. ती डीव्हीडी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सवयीने मी तो आकडा पाहिला. शून्य होता. सोमवार होता, अकरा वाजले होते, आर्वी नाक्याची लाइट होती. मी एक वाजता पुन्हा पाहिला, तीनला पाहिला. ज्या शून्यासाठी मी दोन आठवड्यांहून जास्त तडफडलो होतो, तो दिसल्यावर मला धडकीच भरली. सासरच्यांनी पुसायला लावलं की काय? मी क्लासमध्ये फोन केला. तिनेच उचलला.

“वंदना, पुसलंस का ते?”

“नाई काका, आहे ना,” ती म्हणाली. “फक्त नाव बदललं.”

मी विचारलं, काय ठेवलंस?

“वंदनाचं लग्न. तेई वंदनाचंच होतं ना.”